मालनबाईचं छापील मरण

आमच्या बेंबळीत मेल्यावर मोठी झालेली माणसं पुष्कळ आहेत. जिवंतपणी ज्याला कुणी चहाला विचारलं नाही, त्याच्या दहाव्याला भाषणं होतात. पण मेल्याचा मान घेऊन तो कसा लागला हे सांगायला मागं उरलेली बाई एकच. ती माझी शेजारीण मालनबाई. आमच्या दोघींच्या अंगणामधी कमरेएवढी भिंत आहे, आणि तिच्यावरून इकडचं तिकडं जेवढं गेलंय तेवढं एस.टी.नं सुद्धा नेलं नसेल. म्हणून मी सांगते ते ऐकीव नाही.

मालनबाईला तंबाखू लावली ती दुष्काळानं. बहात्तर साली ती आणि तिची धाकटी बहीण कडूबाई, दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. वाटपाची सुकडी पोटात कुठं जाऊन बसायची ते कळायचं नाही. मग कुणीतरी सांगितलं, तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची, दाताला लावायची, भूक गप बसते. बसली. एकदा कुठल्याशा पेपरचा माणूस फोटो काढायला आला. त्यानं सगळ्या बायांना हसायला लावलं. 'कष्टातून फुललेलं हास्य' असं खाली छापून आलं म्हणे. हसणाऱ्या बायांचे दात काळे कशानं झालेत हे काही त्याला दिसलं नाही. दुष्काळ सरला, मिश्री राहिली. पुढं मालनबाईनं म्हैस घेतली, दूध संस्थेची सभासद झाली, कडूबाई लोहाऱ्याला नांदायला गेली. पण सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, बोलता बोलता, दोघींचं बोट हिरड्यांवर फिरायचंच.

आता दुसऱ्या पात्राकडं वळू. उत्तरेश्वर. आमच्याच गल्लीचा. मॅट्रिकला बसून बसून कंटाळला आणि पत्रकार झाला. उस्मानाबादहून निघणाऱ्या 'बालाघाटचा डंका' नावाच्या साप्ताहिकाचा तो बेंबळीचा वार्ताहर. डंक्याचा मालक म्हणजे आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनचा, आबारावांचा मेव्हणा. त्यामुळं डंका दुधाच्या टेम्पोतून गावोगाव फुकट फिरायचा आणि त्यात आबाराव फुकट छापून यायचे. कुणाचंच नुकसान नव्हतं, वाचणारा सोडला तर.

लातूर आपल्या जिल्ह्यातून वेगळं निघालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबारावांनी संस्थेच्या पत्र्याखाली कर्करोगाचं शिबिर भरवलं. शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. साधी बाई, आवाजही बारीक. त्यांनी सांगितलं, तोंडात पांढरा चट्टा किंवा फोड उठला आणि पंधरा दिवसांत गेला नाही तर लपवू नका, दाखवा. लवकर आलात तर हा रोग बरा होतो. आणि मिश्री आजपासून बंद. बायांनी माना हलवल्या, बोटं पदराला पुसली. नंतर डॉक्टरीणबाईंनी एकेकीला 'आ' करायला लावलं, आणि मालनबाईच्या डाव्या गालात बॅटरी मारून जरा जास्त वेळ बघितलं.

पुढच्या डंक्यात आलं, 'कर्करोगाचा भस्मासूर बेंबळीच्या वेशीवर!' खाली आबारावांचा हारासकट फोटो. मग कुणी दीप लावला, कुणी नारळ फोडला, कुणी आभार मानले, आभाराचेही आभार कुणी मानले. रोगाबद्दल एवढंच होतं: 'या दुर्धर रोगावर जगात औषध नाही. तो जडला की मनुष्य संपला. मा. चेअरमनसाहेबांनी या रोगाचा तीव्र शब्दांत निषेध केला.' डॉक्टरीणबाईंचं नाव 'इतर मान्यवर' मध्ये गेलं. आणि बातमी संपते तिथंच चौकटीत जाहिरात, 'मजबूत दात, घराची शान, मोरपीस छाप मिश्री.' मी उत्तरेश्वरला विचारलं, अरे, बाई म्हणाल्या बरा होतो, तू लिहिलंस औषध नाही, हे कसं? तर म्हणाला, "काकी, बरा होणाऱ्या रोगाला कोण घाबरंल? आन घाबरला न्हाय तर वाचंल कशाला?"

मी म्हटलं, बाबा, तू भुताच्या गोष्टी लिही, रोगाच्या नादाला लागू नको. त्याला तो मोठेपणा वाटला असावा. हसत गेला.

मालनबाईला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात बोलावलं. जायच्या आधी ती लोहाऱ्याला जाऊन आली, कारण कडूबाईच्या गालातही तसलाच चट्टा होता आणि तिनं तो घरात कुणाला सांगितला नव्हता. डंका लोहाऱ्यातही जायचा. कडूबाईचा नवरा धोंडीबा तो पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. औषधच नाही तर जाऊन फाडून घ्यायचं कशाला, असं कडूबाईचं म्हणणं. मग दोघींत ठरलं. मालनबाईनं तिला सांगितलं, "म्या आधी जाते. मेले तर तू येऊ नगंस. जगले तर तुला न्यायला मीच येईन."

हे बोलणं मला तिनं भिंतीवरून सांगितलं तेव्हा मी थट्टा केली, की बाई, बहिणीत वायदा करतात तो लुगड्याचा, तुमचा बरा हा. ती हसली नाही. पण बोट हिरड्यांवर गेलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं.

दीड-दोन महिने ती सोलापुरात राहिली. मशीनखाली बसवून गालाला किरणांचा शेक देत. तोंड आतून सोलून निघालं, तिखट तर सोडाच, पाणीही झोंबायचं. पंचमीच्या आसपास परत आली ती वाळल्या शेंगेसारखी, पण गाल साफ. डॉक्टरांनी सांगितलं, फोड गेला, आता महिनाभर आराम, मग दाखवायला या. तिचा पहिला विचार लोहाऱ्याचा. नवरा म्हणाला, आधी अंगात जीव येऊ दे.

आणि त्याच आठवड्यात कावळा बसला.

अंगणात उन्हाला बसली होती, पुढ्यात भाताची ताटली. मी भिंतीपलीकडं शेंगा निवडत होते, डोळ्यांनी बघितलं. कावळा उतरला तो ताटलीवर न बसता थेट तिच्या डोक्यावर बसला, चोच साफ केली आणि गेला. तिची सासू विठाबाई ओसरीवरून किंचाळली. कावळा डोक्यावर बसला की आमच्याकडं मरण जवळ आलं म्हणतात, आणि त्याला उताराही ठरलेला आहे. त्या माणसाच्या नातेवाइकांकडं 'मेला' असा खोटाच निरोप धाडायचा. ते रडतात, आसवं गळतात, आणि मरणाला वाटतं आपलं काम झालं. दुसऱ्या दिवशी खरा निरोप जातो, की जित्ता आहे, कावळा बसला होता. मग तेच लोक शिव्या देतात आणि आयुष्य वाढतं. आमच्या गावात असे दोन-तीनदा मेलेले म्हातारे अजून पारावर बसतात.

मालनबाई म्हणाली, "आत्याबाई, कुठंबी धाडा, लोहाऱ्याला नको. ती ऐकंल आन…"

विठाबाई म्हणाल्या, लोहाऱ्यालाच धाडायचा, सख्खी बहीण आहे, ती रडेल तसं दुसरं कोण रडणार? एका दिवसाचा तर प्रश्न. आणि घरगडी पिराजीला दुपारच्या गाडीला पिटाळलं.

पिराजी गुणी माणूस. खोटं सांगायचं म्हणजे मन लावून सांगायचं. सराव म्हणून त्यानं एस.टी. स्टँडवरच सुरुवात केली. कंडक्टरला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, डोळेही पुसले. चहावाल्याकडं उधारीवर भजी खात उत्तरेश्वर बसला होता. त्याचं घर मालनबाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. उठून चार पावलं आला असता तर मयत अंगणात बसून ताक पिताना दिसली असती. पण पाय वापरायचा नसतो, पेन वापरायचं असतं, हे त्याला डंक्यानं शिकवलं होतं. तिथंच भज्याच्या कागदावर त्यानं बातमी लिहिली आणि पुढच्या गाडीनं उस्मानाबादला धाडली.

गुरुवारी डंका आला. मी वाचायला बसले आणि पहिल्यांदा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवरून हाक मारली, "मालनबाई, या हो, तुम्ही वारलात."

ती आली, भिंतीला टेकून उभी राहिली. मी वाचलं. 'भस्मासुराने घेतला पहिला बळी! बेंबळीच्या मालनबाईंची झुंज अखेर संपली. वैद्यकशास्त्राने टेकले हात.' गावावर शोककळा पसरली होती. बाजारपेठ उत्स्फूर्तपणे बंद होती. आमची बाजारपेठ म्हणजे तीन दुकानं, त्यातलं एक कायमच बंद. आबाराव अंत्ययात्रेत भावनाविवश झाले होते. आणि मालनबाईंनी अखेरचा श्वास घेण्यापूर्वी काही उद्गार काढले होते.

"काय म्हनले मी?" तिनं विचारलं.

"'माझ्या मागे दूध संस्थेची भरभराट होवो.'"

"आन म्हशीचं काय म्हनले न्हाय?"

म्हटलं, नाही, म्हशीला विसरलात. ती पोट धरून हसली. हसता हसता मधेच थांबली. हात पुढं करून पेपर घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्या काळ्या ठळक ओळींवर बोट फिरवलं. म्हणाली, "हा लोहाऱ्याला जातोय."

खरा निरोप गेला होता, तो न जायला काय झालं? दुसऱ्याच दिवशी पिराजी परत लोहाऱ्याला जाऊन सांगून आला होता, की जित्ती आहे, कावळा बसला होता. कडूबाईनं रडणं थांबवून त्याला भाकरीही वाढली होती. पण गुरुवारी दुधाच्या टेम्पोतून डंका उतरला आणि धोंडीबानं पारावर वाचला. पिराजी तिसऱ्यांदा गेला तर धोंडीबानं त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. त्याचं म्हणणं असं होतं, की परवा म्हणालास मेली, काल म्हणालास जित्ती. तोंड फुकटचं असतं. छापायला पैसे पडतात, खोट्यासाठी पैसे कोण घालील? उलटं छापून आणा, मग मानतो. कडूबाईनं दवाखान्यासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं, लुगडी परत पेटीत घातली, आणि दीड महिना बंद ठेवलेली मिश्री तव्यावर टाकली. बहीण बोलली होती, मेले तर येऊ नगंस. ती आली नाही.

मी आणि मालनबाई मिळून उत्तरेश्वरच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, मालनबाईला बघितलं आणि त्याचा चेहरा जरा पडला. कुणी जिवंत आहे हे बघून इतकं वाईट वाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण सावरला. मालनबाईनं सरळ सांगितलं, बाबा, मी मेले नाही एवढं एक वाक्य छाप, माझ्या बहिणीचा जीव त्यावर अडलाय.

तो म्हणाला, "मालनकाकी, तुमचं खरंय. पर जित्त्या मानसाची बातमी कशी व्हईल? गाव भरलंय की जित्त्या मानसांनी."

मी म्हटलं, मग चूक झाली असं छाप. तर म्हणाला, पेपरची चूक नसते, खुलासा असतो, आणि खुलासा संपादकसाहेब विचार करून देतात. मग त्याला एकदम सुचलं. सन्मान ठेवू या. 'मृत्यूला परतवणारी रणरागिणी.' आबाराव शाल देतील, मंत्री येणार आहेत दिवाळीत, तेव्हा बसवता येईल. मालनबाईनं विचारलं, दिवाळीपर्यंत माझ्या बहिणीच्या गालाला कोण सांगणार थांब म्हणून? त्यावर तो म्हणाला, पुढच्या अंकात बघतो.

त्या 'बघतो'वर मालनबाईचा नवरा बसून राहिला. म्हणाला, पुढच्या गुरुवारी छापून येईल, धोंडीबा मानेल, तुझं हे सांगाड्यासारखं अंग एस.टी.त कोंबायचं कशाला? पुढच्या गुरुवारी कारखान्याच्या बॉयलरचं पूजन आलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आबारावांचा वाढदिवस, चार पानं आबाराव, पाचवं पान असतं तर तेही आबाराव. त्याच्या पुढच्या गुरुवारी भस्मासूर पुन्हा आला, 'कर्करोग: मृत्यूचे दुसरे नाव', आणि त्यात उदाहरण म्हणून परत मालनबाई. खाली मोरपीस छाप मिश्री.

मधे दूध संस्थेची वार्षिक सभा झाली. अहवालात दुखवट्याचा ठराव छापून आला होता, दिवंगत सभासद मालनबाई यांस श्रद्धांजली. सेक्रेटरीनं आबारावांच्या कानात काहीतरी सांगितलं. आबारावांनी बायांच्या रांगेकडं पाहिलं, मालनबाई मधोमध बसली होती. आबाराव म्हणाले, अहवाल छापून झालाय, ठराव तर मंजूर करावा लागेल, पुढच्या साली दुरुस्त करू. दोन मिनिटं उभं राहा. सगळे उभे राहिले. मालनबाईही पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली, सगळ्यांत सरळ. माझ्या कानात हळूच म्हणाली, "वहिनी, कुनासाठी उभं ऱ्हायलोत?" मी तोंडात पदर कोंबला म्हणून सभेची शांतता टिकली.

खाली बसताना मात्र तिचा रंग वेगळा होता. म्हणाली, हे मला जित्तं व्हायला पुढच्या सालची तारीख देतेत. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न विचारता तिनं पिशवी भरली आणि मला म्हणाली, चला.

लोहाऱ्याच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली नाही. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून ती उभी, मी तिला धरून उभी. वाटेत एका बाईनं विचारलं, बेंबळीच्या का तुम्ही, तुमच्याकडं ती बाई मेली ना त्या रोगानं, पेपरात होतं? मालनबाई म्हणाली, व्हय, लई चांगली व्हती.

धोंडीबा ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून त्यानं पाय वर घेतले आणि आधी मालनबाईच्या पायांकडं बघितलं, उलटे आहेत का म्हणून. मी म्हटलं, दाजी, नीट बघून घ्या, टाचा मागंच आहेत, भेगासुद्धा होत्या त्याच. आतून कडूबाई बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. मालनबाई तिच्यापुढं गेली, उन्हाकडं तोंड केलं, आणि जेवढं उघडता येईल तेवढं तोंड उघडून बोटानं गाल ताणला.

"बघ."

कडूबाईनं वाकून बघितलं. मग बोट घालून चाचपलं, बाजारात गाईचे दात बघतात तसं. आणि मग तिचं रडू फुटलं.

"पेपरात तर…"

"पेपरात म्या मेले. त्याला म्या काय करू? म्या बोलले व्हते, जगले तर न्यायला येईन. गाठोडं बांध."

कडूबाईला 'आ' करायला सांगितलं तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नाही. तोंडात एक बोटही धड जात नव्हतं. एवढे दिवस ती पातळ कण्या पीत होती आणि बहिणीच्या दुःखानं घास उतरत नाही असं घरात सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिघी सोलापूरला. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, इतक्या उशिरा का आलात? महिनाभर आधी आला असतात तर शेकावर भागलं असतं. आता डाव्या बाजूचा जबडा काढावा लागेल. धोंडीबा मागून आला होता, त्याच्याकडं सगळ्यांनी बघितलं. त्याच्या खिशात डंका होता. त्यानं तो काढला, चुरगळला, पण टाकायला जागा दिसेना म्हणून परत खिशात घातला.

कडूबाई वाचली. अर्धा जबडा देऊन वाचली. दवाखान्यातून सुटल्यावर मालनबाईनं तिला बेंबळीलाच आणली, दुधात भाकरी कुस्करून घालायला. माझ्या भिंतीवर आता दोघी टेकतात. कडूबाईचं बोलणं पहिल्यांदा कळायचं नाही, आता कळतं, आणि शिव्या तर फारच स्पष्ट येतात. संस्थेत दूध घालायला गेलं की बाया मालनबाईला बाजूला घेतात, जरा बघा म्हणतात, आणि ती त्यांना उन्हात उभं करते. संशय आला की सोलापूरच्या गाडीत बसवून देते. हे सगळं उत्तरेश्वरच्या दारावरून चालतं. त्याला दिसत नाही, कारण त्यात हार नाही.

तो आला, पण कधी? कडूबाईची पट्टी निघाल्यावर. कुणाचातरी कॅमेरा गळ्यात अडकवून अंगणात उभा राहिला. दिवाळी अंक काढायचाय, मुखपृष्ठावर भस्मासूर घ्यायचाय. कडूकाकीनं जरा पदर बाजूला केला तर अंगावर काटा येईल असा फोटो मिळेल. लोकजागृती होईल. कडूबाईनं पदर दातात धरावा तर एका बाजूला दातच नाहीत. तिनं हातानं तोंड झाकलं आणि आत गेली.

मी भिंतीवरून दोन-चार शेलकी तयार केली होती. पण मालनबाईनं हातानं मला गप केलं. पोतं अंथरलं, त्यावर उन्हाकडं तोंड करून बसली.

"ये उत्तरेश्वर. जागृती करायची न्हवं? माजा घे." आणि तिनं 'आ' केला, गाल बोटानं ताणून.

उत्तरेश्वर वाकला. कॅमेऱ्यातून बघितलं, मग कॅमेरा बाजूला करून नुसत्या डोळ्यानं बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"काकी, हितं तर काय दिसतच न्हाय."

तिनं बोट काढलं. "दिसत न्हाय, हीच तर बातमी हाय लेका. घे." आणि परत तोंड उघडलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, घे बाबा लवकर, मेलेल्या बाईला किती वेळ तोंड उघडं ठेवायला लावतोस? त्यानं कॅमेऱ्याचं झाकण हातात फिरवलं. रोलात दोनच फोटो उरलेत म्हणाला, एक आबारावांचा, एक मंत्र्यांचा. मालनबाईनं काही ऐकलं नाही. ती तशीच बसली होती, उन्हाकडं तोंड करून, गाल ताणून. एवढ्यात दुधाची घागर घेऊन चाललेली एक बाई वाटेवर थांबली, अंगणात आली, आणि उत्तरेश्वरला कोपरानं बाजूला सारून आत वाकून बघू लागली.